बिघडली की बिघडवली?

२८ मे २०१८. सोमवार होता. भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणुकीचं मतदान होतं. नाना पटोले यांनी आदल्या डिसेंबरात खासदारकीचा राजीनामा दिला होता, त्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेसाठी ही निवडणूक. नवतपा सुरू होता. आमच्या भागात त्या दिवसांत दहा वाजल्यानंतर डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही, म्हणून माणसं सकाळी सकाळीच रांगेत उभी राहिली. आणि तासाभरातच गावोगावचे फोन सुरू झाले. अमक्या ठिकाणी मशीन बंद, तमक्या ठिकाणी दुसरी मशीन यायची आहे, तीही आली आणि बंद पडली. काही लोक थांबले. काही घरी गेले ते पुन्हा आलेच नाहीत. ज्याची दिवसाची मजुरी बुडते त्याला दोनदा रांग लावायला सांगणं सोपं नसतं.

त्या संध्याकाळी दवनीवाड्याच्या चौकात पानठेल्यावर मला एकानं विचारलं, “गुरुजी, मशीन बिघडली का बिघडवली?” मी नोकरीत असताना अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केलं आहे, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. आज ज्या विषयावर बोलायचं आहे तो सगळा या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे. ‘बिघडली’ म्हणणारा माणूस मेकॅनिक शोधतो. ‘बिघडवली’ म्हणणारा माणूस चोर शोधतो. आणि राजकारण पक्कं दोन बाजूंत वाटलं गेलं की कुणी कोणता शब्द वापरायचा, हे मशीनकडे पाहून ठरत नाही. आपण कोणत्या बाजूचे, यावरून ठरतं.

आधी मशीनचं बघू. मतदान यंत्राचे तीन भाग असतात. केंद्राध्यक्षांच्या टेबलावर असतं ते नियंत्रण युनिट, पडद्याआड आपण बटण दाबतो ते मतदान युनिट, आणि त्याच्या बाजूला काचेची खिडकी असलेला डबा म्हणजे व्हीव्हीपॅट. बटण दाबलं की या डब्यात एक चिठ्ठी छापली जाते, तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं, ती सात सेकंद काचेतून दिसते आणि मग खालच्या बंद पेटीत पडते. एसटीच्या कंडक्टरकडे तिकिटाची मशीन असते ना, तसाच उष्णतेनं उमटणारा कागद. आता गंमत अशी, की २०१८ साली आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जे बंद पडत होतं ते मतं मोजणारं यंत्र नव्हतं. बंद पडत होता तो हा चिठ्ठीचा डबा. ज्याला लोकांचा विश्वास बसावा म्हणून आणलं, त्यानंच लोकांचा विश्वास उडवला.

कारण काय? चिठ्ठीवरची छपाई नीट उमटली का आणि कागद ठरल्या लांबीचा निघाला का, हे पाहायला डब्यात सेन्सर असतात. त्यांच्यावर बाहेरचा प्रखर उजेड पडला की ते गोंधळतात आणि यंत्र थांबतं, असं स्पष्टीकरण निवडणूक आयोगानं दिलं. शाळेच्या खोलीत मे महिन्याच्या उन्हाची तिरीप कशी येते हे ज्यानं पाहिलं आहे, त्याला हे अगदीच अशक्य वाटणार नाही. पुढच्या काळात सेन्सरवर झाकण बसवलं गेलं, दमटपणा कमी शोषणारा कागद वापरात आला. त्याच दिवशी उत्तर प्रदेशात कैरानाला आणि आपल्याकडे पालघरलाही पोटनिवडणूक होती, तिथंही हेच घडलं. आपल्या मतदारसंघात साधारण पाचातला एक डबा बदलावा लागला.

थांबणारं यंत्र आणि मत पळवणारं यंत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्याला मतं पळवायची आहेत तो यंत्र बंद पाडून सगळ्या जिल्ह्याचं लक्ष तिकडे वेधणार नाही. पण हे वाक्य त्या दिवशी कोण ऐकणार? दुपारी वाहिन्यांवर बातमी फिरली, की पस्तीस केंद्रांवरचं मतदान रद्द झालं. आयोगानं ती नाकारली. मग ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यायचं ठरलं आणि गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांची तडकाफडकी बदली झाली. आता सामान्य माणसानं काय समजायचं? बातमी खोटी होती, की नकार खोटा होता? बदली झाली म्हणजे काहीतरी घडलं होतं, असंच तो समजणार. सरकारी यंत्रणेनं त्या दिवशी सकाळी अकरा वाजताच ‘एवढे डबे बंद पडले आहेत, अमुक कारणानं, एवढे बदलले आहेत’ असं आकड्यांसह सांगितलं असतं, तर निम्मी अफवा जागच्या जागी विरली असती. रिकामी जागा अफवेला फार आवडते.

३१ मे रोजी निकाल लागला. यंत्रांबद्दल ज्यांनी सर्वांत जास्त ओरड केली होती, त्या राष्ट्रवादी काँग्रेसचे मधुकर कुकडे सुमारे ४८ हजार मतांनी निवडून आले. भाजपचे हेमंत पटले हरले. आणि पानठेल्यावरचा तो प्रश्न एका रात्रीत संपला. बिघडली की बिघडवली, हे मला पुन्हा कुणी विचारलं नाही.

हे मला त्या निवडणुकीतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. शंका खरी होती तर ती जिंकल्यावरही उरायला हवी होती.

यंत्रावरच्या शंकेचा इतिहास पाहिला तर तो असाच या अंगणातून त्या अंगणात फिरताना दिसतो. २००९ ची लोकसभा निवडणूक भाजप हरला. २०१० मध्ये त्या पक्षाचे जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी मतदान यंत्रं लोकशाहीला धोका आहेत असं सांगणारं पुस्तकच लिहिलं आणि त्याला प्रस्तावना लालकृष्ण अडवाणींची होती. त्याच वर्षी हैदराबादचे तंत्रज्ञ हरिप्रसाद आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी एका खऱ्या यंत्रावर प्रयोग करून दाखवला. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी गोदामातून आलेलं होतं. यंत्र हातात मिळालं आणि उघडता आलं, तर त्यात फेरफार करता येतो, एवढं त्यांनी सिद्ध केलं. त्याबद्दल हरिप्रसादांना अटक झाली. तेव्हा काँग्रेसची मंडळी यंत्रं निर्दोष असल्याचं सांगत होती. २०१४ नंतर पाट बदलले. आता यंत्रं निर्दोष असल्याचं भाजपवाले सांगतात आणि काँग्रेसवाले कागदी मतपत्रिका मागतात. २०२१ मध्ये विधानसभेचे अध्यक्ष असताना नाना पटोले यांनी मतदाराला मतपत्रिकेचा पर्याय देणारा कायदा करण्याच्या सूचना दिल्या होत्या. तेच पटोले नोव्हेंबर २०२४ मध्ये आमच्या शेजारच्या साकोलीतून याच यंत्रांवर २०८ मतांनी निवडून आले. दोनशे आठ! एवढ्या मतांवरून तर आमच्याकडे सहकारी सोसायटीच्या निवडणुकीतही भांडणं होतात.

कागदाच्या काळात सगळं निर्मळ होतं असं कुणी म्हणालं, तर त्यांनी १९५४ सालची भंडाऱ्याची पोटनिवडणूक आठवावी. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथून लोकसभेला उभे होते आणि पराभूत झाले. त्या काळी चिठ्ठीवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे, आणि मतदारानं आपली कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. लिहितावाचता न येणाऱ्यांसाठी सोपी पद्धत. पण पडद्याआड गेलेला माणूस मतपत्रिका पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणू शकत असे, आणि बाहेर तिचा खरेदीदार उभा असे. म्हणून ती पद्धत गेली आणि शिक्का आला. मग शिक्क्याच्या काळात केंद्र ताब्यात घेऊन गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारण्याचे प्रकार देशात अनेक ठिकाणी झाले. म्हणून यंत्र आलं. १९८२ मध्ये केरळातल्या परूरला पन्नास केंद्रांवर ते पहिल्यांदा वापरलं. कायद्यात तशी तरतूदच नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयानं ती निवडणूक १९८४ मध्ये रद्द ठरवली, मग कायदा बदलला, आणि २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रांवर झाली. यंत्र मिनिटाला चार-पाचच मतं घेतं. केंद्र बळकावणाऱ्याला घाई असते, यंत्राला नसते. थोडक्यात, प्रत्येक नवी पद्धत ही आधीच्या पद्धतीवरच्या अविश्वासातून जन्मली आहे.

अमेरिकेची गोष्ट याहून निराळी असेल असं आपल्याला वाटतं. श्रीमंत देश, जुनी लोकशाही. पण तिथं २००० साली अध्यक्ष कोण, हे फ्लोरिडा राज्यातल्या ५३७ मतांवर ठरलं. तिथल्या काही मतपत्रिकांवर सुईनं भोक पाडायचं असे. भोक नीट पडलं नाही तर कागदाची टिकली लोंबत राहायची. लोंबती टिकली म्हणजे मत धरायचं की नाही, यावर आठवडेच्या आठवडे वाद झाला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयानं फेरमोजणी थांबवली. मग कागद नको म्हणून स्पर्श करून मत द्यायची यंत्रं आली. पुढे मागे कागदच उरत नाही म्हणून त्यांच्यावर शंका आली, आणि हळूहळू बहुतेक ठिकाणी कागद परत आला. २०२० पर्यंत तिथली बहुतेक मतं कागदावर होती. तरी काय झालं? जॉर्जिया राज्यात सुमारे पन्नास लाख मतपत्रिका हातानं मोजल्या, विजेता तोच निघाला, आणि हरलेल्या बाजूनं तरीही मानलं नाही. तेव्हा कागद आला की शंका मिटते, हे काही खरं नाही.

प्यू रिसर्च सेंटर या संस्थेची पाहणी मला फार बोलकी वाटते. २०२० च्या निवडणुकीनंतर ट्रम्प यांच्या मतदारांपैकी २१ टक्के लोकांना वाटलं की निवडणूक नीट पार पडली. २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले आणि त्यांच्या मतदारांतला हाच आकडा ९३ टक्के झाला. चार वर्षांत तिथली निवडणूक व्यवस्था एवढी सुधारली का? व्यवस्था बहुतांशी तीच होती. बदलला तो निकाल. आमच्या ३१ मेच्या पानठेल्यात आणि अमेरिकेत मला फारसा फरक दिसत नाही.

आता वर्तमानपत्रं आणि वाहिन्या. शंका मिटवण्याचं काम खरं तर त्यांचं. पण गॅलपच्या पाहणीत १९७६ साली अमेरिकेतल्या ७२ टक्के लोकांचा बातम्या देणाऱ्या माध्यमांवर विश्वास होता, तो २०२५ मध्ये २८ टक्क्यांवर आला आहे. त्यातही एका पक्षाचे लोक जवळजवळ काहीच मानत नाहीत आणि दुसऱ्या पक्षाचे निम्मे मानतात. म्हणजे बातमी खरी की खोटी हे बघण्याआधी ती कुणाच्या बाजूची आहे, हे बघितलं जातं. आणि माध्यमांनीही हे ओळखून आपापलं गिऱ्हाईक सांभाळलं. फॉक्स न्यूज या वाहिनीनं २०२० नंतर डोमिनियन नावाच्या कंपनीच्या मतदान यंत्रांवर निराधार आरोप चालू दिले. कंपनी कोर्टात गेली, आणि एप्रिल २०२३ मध्ये वाहिनीनं ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

आपल्याकडे अशी भरपाई कुणी भरल्याचं ऐकिवात नाही, पण आपल्याकडची खोट वेगळ्या जागी आहे. २००९ ची विधानसभा निवडणूक आठवा. पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं, की तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या स्तुतीचा एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दाला शब्द जुळेल असा छापून आला, तोही बातमी म्हणून. ‘अशोकपर्व’ हा शब्द तेव्हापासून गाजला. चव्हाणांनी आपल्या निवडणूक खर्चात वर्तमानपत्री जाहिरातींचा आकडा दाखवला होता ५,३७९ रुपये. पैसे देऊन बातम्या छापून घेतल्याचा आरोप त्यांनी नाकारला. प्रकरण आयोग, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय असं फिरलं. २०१४ च्या जुलैत आयोगानं खर्चाचा हिशेब नीट दिला नाही म्हणून नोटीस काढली, आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली. पाच वर्षं गेली. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी २०१० मध्ये पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर सविस्तर अहवाल तयार केला, पण कौन्सिलनं आधी त्याचं छोटंसं सारच प्रसिद्ध केलं. पूर्ण अहवाल बाहेर यायला माहितीचा अधिकार लागला. हे मी आधी सरकारी रेडिओवर बोललो आणि आता ते वर्तमानपत्रात छापून येत आहे, तेव्हा वाचकानं माझ्याकडेही जरा तिरक्या नजरेनं बघायला हरकत नाही.

असं सगळं साचत जातं, आणि मग मारकडवाडी होते. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातलं हे गाव. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माळशिरसमधून शरद पवारांच्या पक्षाचे उत्तमराव जानकर निवडून आले. पण या गावात त्यांना ८४३ आणि भाजपचे राम सातपुते यांना १,००३ मतं दिसली. जानकरांच्या समर्थकांना ते पटेना. म्हणून ३ डिसेंबरला गावानं आपल्या खर्चानं, कागदावर, पुन्हा मतदान घेऊन बघायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झालं नाही, गुन्हे दाखल झाले.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, तक्रार करणाऱ्यांचा उमेदवार जिंकला होता. तरीही त्यांनी प्रश्न सोडला नाही. त्यांचा निष्कर्ष बरोबर होता असं मी म्हणत नाही. गावच्या चौकात दोन आठवड्यांनी घेतलेलं मतदान हे खऱ्या मतदानाची परीक्षा होऊच शकत नाही. तिथं गुप्तता राहत नाही, आणि ज्यांना शंका आहे तेच रांगेत उभे राहतात. दुसरी गोष्ट, त्यांना गावाचा आकडा कळला कसा? कागदाच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती, त्यामुळे कोणत्या गावानं कुणाला किती दिलं हे झाकलेलं राही. यंत्रामुळे प्रत्येक केंद्राचा आकडा उघडा पडतो. याचा तोटा असा, की ज्या गावानं मत दिलं नाही ते निवडून आलेल्या माणसाला नेमकं कळतं, आणि मग रस्ता त्या गावाच्या शिवेपर्यंत येऊन थांबतो. पण याच उघडेपणामुळे गावाला आपला आकडा ताडून बघावासा वाटतो. आणि ताडून बघण्याचा मार्ग त्याला मिळत नाही.

मार्ग अगदीच नाही असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशाप्रमाणे प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. २०२४ च्या विधानसभेला राज्यात अशी १,४४० केंद्रं झाली, आणि कुठंही फरक आला नाही असं आयोगानं जाहीर केलं. सगळ्या चिठ्ठ्या मोजा ही मागणी न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. मात्र हरलेल्या, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारानं मागणी केली तर पाच टक्के यंत्रांची अंतर्गत तपासणी करण्याची सोय दिली. खर्च आधी उमेदवारानं भरायचा, फेरफार निघाला तर परत. मतदारालाही एक हक्क आहे. आपण दाबलं एक आणि चिठ्ठीवर दिसलं भलतंच, तर केंद्राध्यक्षाकडे लेखी तक्रार करून सर्वांसमोर चाचणी मत देता येतं. पण तक्रार खोटी ठरली तर शिक्षेची तरतूद आहे. गावातला मजूर सात सेकंद पाहिलेल्या चिठ्ठीसाठी एवढी जोखीम घेईल का? मला नाही वाटत. उलट २० डिसेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं निवडणूक नियम ९३ बदलला आणि मतदान केंद्राचं चित्रीकरण सामान्य नागरिकाला मागता येणार नाही असं केलं. मतदारांच्या गुप्ततेचं आणि चित्रणाच्या गैरवापराचं कारण सांगितलं गेलं, आणि त्यात तथ्य आहे. पण शंकेच्या दिवसांत झाकण घट्ट केलं, की आत काहीतरी आहे असंच लोक म्हणतात.

राहिला नमुना १७-क. सकाळी मतदानाआधी पक्षांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचं अभिरूप मतदान होतं, यंत्र पुन्हा शून्यावर आणतात, चिठ्ठ्या काढून काळ्या लिफाफ्यात बंद करतात. संध्याकाळी या केंद्रावर एकूण किती मतं पडली, यंत्रांचे आणि सिलांचे क्रमांक कोणते, हे या नमुन्यात भरून केंद्राध्यक्ष सही करतात आणि प्रत्येक प्रतिनिधीला प्रत देतात. मोजणीच्या दिवशी यंत्रानं दाखवलेली बेरीज या आकड्याशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर तिथंच, टेबलावर, हरकत घ्यायची. यात संगणकाचं ज्ञान लागत नाही. चौथीचं गणित पुरतं. राज्यभरच्या सगळ्या प्रती एकत्र केल्या तर संध्याकाळी पाचचा ५८.२२ टक्क्यांचा आकडा शेवटी ६६.०५ कसा झाला, हा २०२४ मध्ये गाजलेला वादही केंद्रागणिक सोडवता येतो. कारण सहा वाजता आवारात उभ्या असलेल्या रांगेला टोकन मिळतं आणि तिचं मतदान पुढे चालू राहतं. ते सगळं १७-क मध्ये लिहिलेलं असतं.

२०२४ च्या विधानसभेनंतर मी सहज म्हणून आमच्या भागातल्या काही मतदान प्रतिनिधींकडे या प्रती मागितल्या. एकानं प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवली होती. दुसऱ्याची शर्टाबरोबर धुतली गेली होती. तिसरा दुपारी जेवायला घरी गेला होता, तो सही करायला परतलाच नाही, त्यामुळे त्याच्याकडे प्रत नव्हती. यंत्रांवर सर्वांत मोठ्यानं भाषणं करणारा पक्ष या तिसऱ्याचाच होता.